रंगाखाली अडकलेली हवा

नवा बॉयलर बसला की घर तापतंच, असं तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या शेजारणीचंच बघा: अमेरिकेतल्या थंडगार लुइस्टनमधली बर्नडेट पेलतिए, बुटांच्या कारखान्यात आयुष्य काढलेली. नव्या बॉयलरनंतर तिसऱ्या मजल्यावरचे तिचे रेडिएटर, म्हणजे गरम पाण्याने खोली तापवणारे लोखंडी नळ्यांचे संच, गार पडले. लेक तिला कायमची आपल्या घरी न्यायलाच आली.

"पोरी, सामान बांधू नकोस. नवं पाणी भरताना हवा वर अडकलीय," बर्नडेट म्हणाली.

पण हवा सोडायचा स्क्रू रंगाखाली गाडलेला. भाडेकरू बदलला की आमचा घरमालक दिसेल त्यावर पांढरा रंग फासतो, मेला. मी चाकूने रंग खरवडला, तिने त्या स्क्रूची छोटी किल्ली फिरवली. फुस्स करून हवा गेली, पाणी आलं, आणि बघता बघता लोखंड हाताला चटका देऊ लागलं!

"आता कोट काढ आणि जेवूनच जा," ती लेकीला म्हणाली.

तुमच्या वरच्या मजल्यावर कुणी कुडकुडत असेल, तर आजच किल्ली घेऊन त्यांचं दार वाजवा.