धुतलेल्या स्टेन्सिली

अमरावतीला उतरले तेव्हाच डोकं तापलेलं होतं. गाडी उशिरा, ऊन मात्र वेळेवर. मी पुण्यात फॅशनचित्रांचा इतिहास शिकवते. शंभरेक वर्षांपूर्वी पॅरिसच्या मासिकांतली फॅशनचित्रं स्टेन्सिलनं रंगवत. प्रत्येक रंगासाठी एक कापलेला पत्रा, वरून ब्रश. चित्रं उरली, पत्रे मला कुठेच पाहायला मिळाले नाहीत. राजापेठेतल्या एका लेडीज टेलरनं एक्स-रेच्या फिल्म कापून दुकानासाठी अशीच चित्रं केली आणि त्या स्टेन्सिली जपल्या, हे कळलं आणि मी निघाले. मला पाहायचा होता त्यांच्या कडांवर साचलेला रंग. कधी कोणता रंग चालला, हे त्या थरांतच कळतं.

राजापेठेत दुकानाच्या जागी शिकवणी वर्ग!

"मास्तर दर्यापूरले गेले ना. फोन नाई केला काय?" शेजारचा पानवाला म्हणाला.

केला होता. मास्तर नुसतं 'या, या' म्हणाले होते. मग शेअर जीप, मांडीवर कुणाचं तरी गाठोडं, दोन्हीकडे कपाशीचं काळं रान. चिडायलाही जागा नव्हती.

वानखडे मास्तरांनी दारातच "जयभीम" केला, भाकर-वांगं वाढायला लावलं आणि पेटी उघडली. स्टेन्सिली आरशासारख्या लख्ख.

"पुन्याचे पावने येऊन राह्यले म्हनून घासलेटनं धुतल्या. लय घाण जमली होती."

"अहो, ती घाण पाहायलाच आले मी!" मी ओरडलेच. मास्तरांचं तोंड उतरलं.

"मंग फोनवर काहून नाई सांगतलं?"

आता 'धुऊ नका' असं फोनवर कोण सांगतं?

तेवढ्यात त्यांच्या पत्नी सुमनबाई आतून एक फिल्म घेऊन आल्या. चेहऱ्याची. दुकानातल्या प्रत्येक चित्रातला चेहरा त्यांचाच. कडेवर खालचा थर गुलाबी, त्यावर जाड तपकिरी.

"हे नाई धुऊ देलं मी. आमचे हे पयले गुलाबी रंग लावत. म्हनत, गिऱ्हाइकाले गोरीच पायजे. मी म्हनलं, तोंड माहं, तं रंग बी माहाच लावा. लय भांडली. हे धुतलं असतं तं कोनाले पटलं असतं?"

मी हात पुढे केला. त्यांनी फिल्म मागे घेतली. "फोटो काढा. देनार नाई."

मास्तरांनी धुतलेला सगळा गठ्ठा मात्र आग्रहानं बांधून दिला. नको म्हणायची सोय नव्हती.

परतीला अकोला स्टेशनवर त्या गठ्ठ्यावर बसूनच गाडीची वाट पाहिली. पॅरिसच्या त्या चित्रांतल्या बायकांना आपला रंग पसंत होता का, हे सांगणारा एक थरही उरलेला नाही. मी फोटो मोठा करून करून पाहिला. तपकिरीखालचा गुलाबी जेमतेम दिसत होता. सुमनबाईंनी चांगला जाड थर द्यायला लावला होता.