नावं आधीच ठरली होती

अनंत जाधव गेल्याचं सुनंदावहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी रत्नागिरीत घराच्या पडवीत पेपर वाचत बसलो होतो. "भावजी, हे गेले. आंघोळीचं पाणी काढत होते, तिथेच बसले..." मी फोन ठेवला. आता अनंता आपल्याकडे तो कागद मागणार नाही, हा विचार मनात पहिला आला आणि दुःख त्याच्या मागून. लिहायला लाज वाटते, पण एवढं गाळून त्याच्याबद्दल काही लिहिता येणार नाही.

लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत आम्ही दोघं वर्षानुवर्षं होतो. तो बॉयलरवर, मी पर्सोनेल खात्यात क्लार्क. चिपळूणहून कंपनीच्या एकाच बसने जायचो. पुढे तो युनियनचा सेक्रेटरी झाला, तरी बसमधली शेजारची जागा सुटली नाही. आवाज चढवून बोलणारा पुढारी तो कधीच नव्हता. एकदा कंपनीने शिफ्टची वेळ परस्पर बदलली, तेव्हा तो कायद्याचं पुस्तक काखेत घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "बदल करा, पण आधी आम्हाला नोटीस द्या, आमचं ऐका." मग आठवडाभर तो खात्याखात्यात फिरला. कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या बायकांनाही त्याने विचारलं. नव्या वेळेने त्यांची शेवटची एसटी चुकत होती, हे तोवर कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. वेळ अर्ध्या तासाने मागे आली. त्याच्या उभ्या आयुष्यातला हा एकच विजय मला माहीत आहे.

मग कपातीचं वारं सुटलं. एवढी माणसं एकदम कमी करायची तर सरकारची परवानगी लागते आणि परवानगी देण्याआधी कामगारांचं म्हणणं ऐकावं लागतं. अनंताला हे तोंडपाठ होतं. कंपनीने युनियनला चर्चेला बोलावलं, तेव्हा तो रात्रपाळी करून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. हातात स्वतःच्या अक्षरात लिहिलेले दोन कागद होते. एक प्लांट काही महिने बंद ठेवायचा, सगळ्यांनी आळीपाळीने घरी बसायचं, म्हणजे कुणालाच काढावं लागणार नाही, असं त्यात मांडलेलं.

आधी त्याने एकच विचारलं, "साहेब, नावं ठरलीत का?"

"छे, अजून काहीच ठरलेलं नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

अनंताने माझ्याकडे पाहिलं. मी मिटिंगचा वृत्तान्त लिहायला बसलो होतो. नावांची यादी चार दिवसांपूर्वी मीच टाइप केली होती, आणि तिच्यात त्याचंही नाव होतं. मी मान खाली घालून तारीख लिहीत राहिलो. साहेबांनी त्याचे दोन्ही कागद न वाचता फायलीखाली सारले. चहा आला, बिस्किटं आली. वृत्तान्तात मी लिहिलं, 'युनियनशी सविस्तर चर्चा झाली.' तोच वृत्तान्त परवानगीच्या अर्जाला जोडून गेला.

सुनावणी दोनदा पुढे ढकलली गेली. दोन्ही वेळा मुदत कंपनीच्या वकिलांनी मागितली. साठ दिवसांत सरकारचं उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं, असंही त्याच कायद्यात आहे. साठ दिवस गेले. एकसष्टाव्या दिवशी गेटवरच्या बोर्डावर यादी लागली. अनंता तिथे बराच वेळ उभा होता. कुणीतरी शिवी हासडली, तर त्यालाच म्हणाला, "गप रे. वाचू दे लोकांना."

त्याने सरकारकडे फेरविचाराचा अर्ज केला. तोवर मी निवृत्त होऊन रत्नागिरीला आलो होतो. त्या अर्जाच्या कामासाठी इकडे आला की तो माझ्याकडे जेवायचा. एका दुपारी हात धुताना मी त्याला सांगून टाकलं, की यादी आधीच झाली होती, मीच टाइप केली होती. तो ओल्या हातांनी तसाच उभा राहिला.

"मिटिंगच्या आधी?"

"चार दिवस आधी."

"मग तेवढं लिहून दे मोहन. बाकी काय नको."

मी म्हटलं, बघतो. माझा जावई त्याच कंपनीच्या लॅबमध्ये आहे. यादीत त्याचं नाव नव्हतं. अनंताला हे माहीत होतं, म्हणून त्याने घाई केली नाही. पुढे दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा निघताना, चपला घालता घालता म्हणाला, "लिहिलंस काय रे?" दोन्ही वेळा मी म्हटलं, बघतो. शेवटच्या वेळी "बरं" म्हणाला आणि स्टँडकडे चालू लागला. पाठीमागून तो फार थकलेला दिसला...

अनंता वारल्यावर पंधरा दिवसांनी मी ते लिहिलं, सही केली आणि त्याच्या वकिलांकडे घेऊन गेलो. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "काका, हे तेव्हा हवं होतं. बाकीच्यांनी केव्हाच कंपनीचे पैसे घेऊन, सह्या करून सोडून दिलं. मागे लागणारे ते एकटेच होते. आता हे कुणाच्या वतीने मांडू?" मी कागद घडी करून खिशात ठेवला.

तिथून वहिनींकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावतील, निदान रडतील असं वाटलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गॅसवर आधण ठेवलं. मग पाठमोऱ्याच बोलत राहिल्या. "मासळी आणायला निघाले की रोज विचारायचे, काय आणू? मी रोज म्हणायची, तुम्हाला हवं ते आणा. आणायचे बांगडेच. पण विचारल्याबिगर पायरी उतरले नाहीत कधी." आधणात चहापूड टाकून म्हणाल्या, "आता मीच जाते. मासेवाली विचारते, काय देऊ? मला सांगताच येत नाय, भावजी. तशीच रिकामी पिशवी घेऊन घरी येते."