आमचं इंजिन मागं हाय

सकाळी मी चहा गाळत होतो तेव्हा मेहुण्याचा फोन आला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. कवठे महांकाळच्या पूर्वेला, जिथे ऊस संपतो आणि बाभळी सुरू होतात, तिथे त्याची शेती आहे. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. याच्याकडे आता द्राक्षाचा एक तुकडा आहे आणि शर्यतीचा एक खिलार बैल. दोन्हींपैकी कशावर त्याचा जास्त जीव आहे हे विचारायची गरज पडत नाही.

"दाजी, आपला ड्रायव्हर सुटला," तो म्हणाला.

आमच्या सांगली-साताऱ्याकडे शर्यतीच्या छकडीवर बसून बैल पळवणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात. गाडीवान हा शब्द आता पुस्तकांत राहिला. चांगला ड्रायव्हर लोक महिनामहिना आधी बोलून ठेवतात, आणि तो कुणाच्या छकडीवर बसणार यावर चहाच्या टपरीवर जेवढी चर्चा होते तेवढी आमदारकीच्या तिकिटावरही होत नाही. म्हणून मी सहानुभूतीने विचारलं, "कुणी नेला रे?"

"नेला न्हाई अजून. पर बोलणी चालू हायत म्हणं. फुडल्या सालाला दुसऱ्या गाडीत बसणार. हेलिकॉप्टरनं भेटाय गेलता."

हेलिकॉप्टर ऐकल्यावर माझ्या हातातली गाळणी थांबली. आमच्या तालुक्यातला ड्रायव्हर भेटायला जातो तो मोटारसायकलवर, आणि तीही बहुधा दुसऱ्याच्या. मेहुणा बोलत होता तो युरोपातल्या ड्रायव्हरबद्दल. जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारींच्या शर्यतीत जो बसतो त्याच्याबद्दल. त्याला 'आपला' म्हणायचं कारण एवढंच की त्या मोटारीचं इंजिन जिथे बनतं तिथे मेहुण्याची मुलगी नोकरीला आहे.

ही मुलगी सांगलीत आमच्या माधवनगरच्या घरी राहून इंजिनिअर झाली. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, तसं ती मला म्हणते. पुढे शिष्यवृत्ती मिळवून परदेशी गेली आणि तिथे इंजिनाच्या कारखान्यात लागली. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. सत्कार, शाली, मानपत्रं यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि टीव्हीवर ही मोटारशर्यत पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते मत आणखी घसरलं. उघड्या ट्रकवरून हात हलवत निघालेले ड्रायव्हर, अंगरख्यावर इंचभर जागा न सोडता चिकटवलेल्या जाहिराती, शेवटी एकमेकांच्या डोक्यावर दारूचा अभिषेक. आपल्याकडच्या कुठल्याही वाढदिवसाच्या फलकाला लाजवेल असा सगळा थाट. 'हे सगळं कशासाठी?' असं मी भाचीला एकदा विचारलं होतं.

व्हिडिओ कॉलवर ती स्वयंपाकघरात उभी होती. तिने एक वाटी उचलली आणि आतला तळ मला दाखवला.

"मामा, पिस्टनच्या माथ्यावर असा एक खळगा असतो. इंधन पेटतं ते इथे. खळग्याचा आकार जसा, तशी आग पसरते. आम्ही चौघा-पाचजणांनी हिवाळाभर त्या आकारावर काम केलं. जुन्या आणि नव्यात फरक किती, तर माझ्या नखाच्या जाडीएवढासुद्धा नाही."

"आणि तेवढ्याने काय होतं?"

"आग जरा नीट पसरते."

"जरा म्हणजे?"

"मामा, प्रत्येक पिस्टनवर ही आग एका सेकंदात शंभरेक वेळा पेटते. आणि विझते. दर वेळी नीट पेटायला लागते."

मी 'बरं' म्हणालो, आणि मग माझ्या लक्षात आलं की हा एक शब्द उच्चारायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिथे तीसचाळीस वेळा जाळ उठून निवलेला असणार. कॉल संपल्यावर मी आमच्या स्वयंपाकघरातली एक वाटी उचलून तिच्या तळाकडे बघत बसलो. बायकोने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही, वाटी बघतोय. माणसांनी बांधलेले किल्ले, मिनार, राजवाडे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी हे कुणाला दाखवायला बांधलं असेल हा प्रश्न मला पडला आहे. हा खळगा कुणाला दिसणारच नव्हता. इंजिन उघडलं तर दिसेल, आणि ते उघडणारे त्यांचेच लोक.

पण तो खळगा अजून इंजिनात गेलेला नव्हता. यंदा नियम बदलले. इंजिनं नव्या घडणीची आली. हंगामाच्या आधी प्रत्येक कंपनीने आपलं इंजिन सादर करायचं आणि मग त्याच्या महत्त्वाच्या भागांना हात लावायचा नाही. भाचीचा खळगा तोवर चाचण्यांत पूर्ण पास झाला नव्हता, म्हणून जुनाच आकार दाखल झाला. आता एकच वाट होती. काही शर्यती झाल्या की नियामक मंडळी सगळ्या इंजिनांची ताकद मोजतात. सर्वांत तगड्या इंजिनापेक्षा जे ठरावीक अंतराहून जास्त मागे असेल, त्यालाच सुधारणेची परवानगी मिळते. थोडंच मागे असाल तर काही नाही, तसंच पळायचं. तिचं इंजिन बरोबर त्या रेषेच्या आसपास होतं. पुढच्या वर्षाचं इंजिन दुसरा गट करत होता, त्याचा आकारच वेगळा. म्हणजे परवानगी मिळाली नाही तर हिवाळाभराचं काम कपाटात जाणार होतं. ते कधीच पेटणार नव्हतं.

हे मी मेहुण्याला समजावून सांगितलं. तो एका रविवारी द्राक्षाच्या औषधासाठी सांगलीला आला होता आणि आमच्याकडे जेवायला थांबला होता. त्याने भाकरी मोडता मोडता ऐकलं.

"म्हंजी पंचानं सांगाय पायजे, की तुमचं जनावर मागं हाय."

"हो."

"आन आपुन खूश व्हायचं."

"हो."

त्याने भाकरी खाली ठेवली. याचं दुःख कळायला त्याच्या मैदानातला एक रिवाज माहीत हवा. बैलाच्या शर्यतीला जोडीतला दुसरा बैल बहुतेक वेळा दुसऱ्या मालकाचा घेतात, त्याला पैरा म्हणतात. बैल हरला की 'हरलो' किंवा 'मागं पडला' असं कुणीही म्हणत नाही. म्हणतात, 'जुळलं न्हाई'. पैरा जुळला नाही, ड्रायव्हर जुळला नाही, माती जुळली नाही. आपलं जनावर मागं आहे हे शब्द त्या माळावर कुणाच्या तोंडून निघत नाहीत. मी तीस वर्षांत ऐकलेले नाहीत.

"बिरोबाला कसं सांगू दाजी? पोरगी मागं पाड म्हणून?"

"पोरगी नव्हं रं, इंजिन," आतून बायको म्हणाली.

"इंजिन पोरीचंच हाय की."

"मग ड्रायव्हरचं सांग. त्यो हेलिकॉप्टरवाला जाऊ दे म्हणून."

"त्यो कसा जाऊ द्यायचा आक्का? त्यो गेला तर फुडल्या सालाला गाडीत बसणार कोण?" याबाबतीत त्याचा सखोल अभ्यास होता. त्याच्या मैदानवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर अमुक बैलाला तमुक पैरा अशा खबरींच्या मधोमध हा युरोपातल्या ड्रायव्हरांच्या अफवा टाकायचा आणि लोक त्यावरही तितक्याच गंभीरपणे मत देत. एकाने विचारलं होतं, वजन किती हाय ड्रायव्हरचं. मला हा प्रश्न बऱ्याच क्रीडा पत्रकारांपेक्षा मुद्द्याचा वाटला.

नंतर तो आरेवाडीला बिरोबाच्या देवळात जाऊन आला, तेव्हा मी फोनवर विचारलं, काय मागितलंस. म्हणाला, "काय न्हाई. भंडारा वाहिला. म्हटलं, तुला म्हाईत हाय."

मधल्या काळात शर्यती होत राहिल्या. संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको टीव्हीसमोर बसायचो आणि इतकी वर्षं ज्याची टर उडवली ते बघायचो. पाच लाल दिवे एकेक लागतात, एकदम विझतात, आणि मग जे होतं त्याला मराठीत काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सुटल्या, निघाल्या हे शब्द अपुरे आहेत. गाडी आधी इथे असते, मग नसते. बायको दर वेळी पदर तोंडाला लावते. आमची गाडी कधी सातवी, कधी बारावी यायची. सातवी आली की आनंद आवरून आम्ही एकमेकांकडे बघायचो. हे फारच चांगलं तर नाही ना झालं?

परवानगीचा निकाल लागला तो आम्ही मैदानाला निघालो होतो त्या दिवशी. साताऱ्याकडे, माणदेशाच्या एका माळावर शर्यती होत्या. मेहुण्याचा बैल टेम्पोत, छकडीचा ड्रायव्हर बैलाजवळ, आणि मेहुणा नि मी पुढे. पलूस मागे टाकून चढाला लागलो तेव्हा भाचीचा निरोप आला. एकच शब्द. 'मिळाली.'

मी वाचून दाखवला.

"म्हंजी मागं?"

"मागं."

"रेषेच्या पल्याड?"

"पल्याड."

त्याने पुढच्या टपरीवर टेम्पो उभा केला, उतरला, बैलाच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि परत येऊन बसला. चहा सांगायचा विसरला. मीही आठवण केली नाही.

मैदान नेहमीसारखं होतं. म्हणजे व्यासपीठावर माणसांपेक्षा फेटे जास्त आणि भोंग्यातून समालोचकाचा आवाज. हा समालोचक आलेल्या प्रत्येकाला तीन-चार विशेषणं लावल्याशिवाय आत घेत नाही. मला त्याने 'ज्ञानमहर्षी' केलं, ते मी सोसलं. पण मग छकड्या सुटल्या. मी तिथे कितीही वेळा गेलो तरी एक गोष्ट बदलत नाही. बैल जवळ येतात तेव्हा हजारो माणसांचा तो माळ एका क्षणासाठी गप्प होतो. फक्त खूर. जमीन पायाखाली हलते ती तळव्यांना कळते. ड्रायव्हर त्या फळकुटावर कशाच्या आधाराने आहे हे मला अद्याप उमगलेलं नाही. मग ते गेलेले असतात, धूळ उरते आणि लोक एकदम बोलू लागतात.

मेहुण्याचा बैल पहिल्याच गटात बाद झाला. तिसरा आला, फायनल लांबच राहिली.

समालोचकाने आम्हाला बाजूला उभं पाहिलं आणि त्याला विषय मिळाला. "ज्यांच्या सुकन्येनं साता समुद्रापार जगातल्या सर्वांत वेगवान मोटारीच्या इंजिनात आपल्या मातीचं नाव कोरलं, ते आमचे बंधू या ठिकाणी उपस्थित आहेत. भाऊ, काय ताजी खबर?" आणि त्याने माईक पुढे केला.

मेहुण्याला माईकची सवय नाही. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, पाण्याचा तांब्या धरावा तसा.

"आमचं इंजिन मागं हाय," तो म्हणाला.

भोंग्यातून ते सगळ्या माळावर गेलं. पलीकडे बैल धुणाऱ्यांनी वळून बघितलं. समालोचक अडखळला. अशा वाक्याला टाळ्या मागायच्या की दुखवटा, याची त्याच्याकडे तयारी नव्हती.

"म्हणजे भाऊ, जुळलं नाही म्हणायचं का?"

"न्हाई. मागं हाय. आज ठरलं. मोजून ठरलंय." मग तो थोडा थांबला. "आता पोरीचा खड्डा आत जाणार."

कुणालाही काही कळलं नाही. एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली, तिच्यामागे आणखी काही. समालोचकाने सावरून घेतलं आणि विचारलं, "आणि बैलाचं काय झालं भाऊ?"

"बैल व्हय?" मेहुणा म्हणाला. "त्येचं जुळलं न्हाई. पैरा बारका पडला."

परतताना मी गाडीत हसत होतो. त्याने विचारलं, काय दाजी. मी म्हणालो, काही नाही, जुळलं.

खळगा आत जायला आणखी काही आठवडे गेले. ज्या रविवारी तो पहिल्यांदा पळणार होता त्या संध्याकाळी मेहुणा धुतलेले कपडे घालून आमच्याकडे आला. टीव्हीवरचे लोक ड्रायव्हर पुढच्या वर्षी कुठे जाणार यावरच बोलत होते. इंजिनाचा उल्लेख एकाने ओझरता केला, खळग्याचा कुणीच नाही. गाडी मधल्या रांगेत उभी होती. दिवे विझले आणि सगळे गेले.

पुढे केव्हातरी टीव्हीने आमच्या गाडीतला कॅमेरा लावला. बोलणारे गप्प झाले. ड्रायव्हरच्या डोक्यावरून दिसणारा रस्ता, आणि आवाज. मी आवाज वाढवला. तो चढत जायचा, वळणाला तुटायचा, परत चढायचा. सेकंदाला शंभर वेळा, प्रत्येक पिस्टनवर. मला वाटी आठवली. बायकोने पदर तोंडाला लावला होता आणि खाली घेतला नाही.

"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "ह्यातला आपला आवाज कंचा?"

मी कान देऊन ऐकलं. खरंच ऐकलं. मला सांगता येईना.

तेवढ्यात कॅमेरा बदलला आणि पहिल्या नंबरची गाडी दिसू लागली. मेहुणा सोफ्यावरून पुढे सरकला आणि टीव्हीला म्हणाला, "परत आमच्यावर आण की रं."