वीज पडण्याआधी तळाला गेलेले मासे

अंगात येणं, झपाटणं असलं काही कोणी सांगायला लागलं की मी चहा ठेवायला उठते. विश्वास कधीच नव्हता, अजूनही नाही. तरी हे लिहितेय, कारण त्या होडीत मी स्वतः बसलेले.

आम्ही बाळकुमचे कोळी. दोन वर्षं झाली, दसरा नुकताच झालेला. भर दुपारी खाडीत आम्ही तिघं – आमचे हे, सासूबाई आणि मी. जाळं टाकलं की आई त्याचा दोर पायाच्या अंगठ्यात धरून बसतात. मासा काय करतोय ते अंगठ्याला कळतं म्हणे! डोक्यावर कडक ऊन. पारसिकच्या डोंगरामागे जरा काळं, पण गडगडाट नाही काही नाही…

एकदम आई म्हणाल्या, "जालं सोर. किनाऱ्याला चल."

"आये, आत्ता तर टाकलंय! नवीन जालं हाय," हे म्हणाले.

"सगला म्हावरा तलाला ओढतंय. सोर म्हनते ना!"

"मोबाईलमध्ये पाऊस नाय दाखवत."

"मंग मोबाईललाच वल्हवायला सांग!"

मला हसू आलं. पण त्यांचा चेहरा बघितला, आणि त्यांच्या अंगठ्यातला दोर मीच सोडून दिला. हे असे काही ओरडले माझ्यावर! पण वल्हं मारलं.

तिवरांपाशी चिखलातून वर चढलो, आणि सगळं पांढरंफटक झालं. कान बधिर. आमची होडी होती तिथेच वीज पाण्यात पडली! वर राहिलेले बोईट मासे पोटं वर करून तरंगत होते. त्यांच्यात आम्ही तिघं… नको, लिहवत नाही. हे खाली बसले आणि आईंचे पाय धरून रडले.

ओहोटीला जाळं सापडलं, तळाला. आतले मासे जिवंत, फडफडणारे!

माझी नात सायन्सला आहे. ती म्हणते, "आजी, वीज पाण्यात वरच्या वर पसरते, म्हणून खालचे मासे वाचतात." पटलं. पण ते आधीच खाली कसे गेले?

आईंचं मला फार कौतुक वाटतं. शाळा कशी असते ते माहीत नाही, पण तिघांचे जीव वाचवले. विचारलं तर म्हणतात, "मना नाय कललं गो. म्हावऱ्याला कललं."

म्हावऱ्याला कोणी सांगितलं, ते आईंनाही ठाऊक नाही.