फाटणारे पडदे आणि नवं कार्ड

माझे बाबा मानपाड्याच्या एमआयडीसीत, कापड रंगवायच्या कारखान्यात आयुष्यभर राबले. रिटायर झाल्यावर ते खुर्ची ओढून माझ्यामागे बसायचे आणि मी खेळत असलेले गेम बघायचे. मारामारीत त्यांना रस नव्हता. एका जुन्या गेममध्ये गोळी लागली की पडदे फाटायचे, चिंध्या लोंबायच्या, वाऱ्यावर हलायच्या. कुठली चिंधी कशी हलणार, याचं गणित कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड तिथल्या तिथे करायचं. बाबा म्हणायचे, "थांब गं, पुढे नको जाऊस. कसा जड पडतोय बघ, ओल्या ताग्यासारखा."

गेल्या वर्षी मी नवं कार्ड घेतलं आणि जुनं कल्याणच्या दुकानदाराला बदल्यात दिलं. घरी येऊन तोच गेम लावला. पहिला पडदा फाटला आणि स्क्रीन अडखळायलाच लागली.

शोधल्यावर कळलं, जुन्या गेममधलं हे गणित करायची सोयच कंपनीने नव्या कार्डांतून काढून टाकलेली. खोक्यावर त्याबद्दल अक्षर नाही! कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की कापड हलण्याचा तो इफेक्ट बंद ठेवा.

मी तशीच दुकानात गेले. दुकानदारही तेच म्हणाला. "इफेक्ट बंद करा मॅडम, एकदम मक्खन चालेल."

"आणि पडदे?"

"पडदे दिसणार ना. हलणार नाहीत फक्त. एवढा जुना गेम खेळतं कोण?"

माझं डोकंच फिरलं. "माझे वडील बघतात! जुनं जे करत होतं ते नव्याला जमत नाही, हे विकताना सांगता आलं नाही तुम्हाला?"

माझं जुनं कार्ड त्याच्या काचेच्या कपाटातच होतं. परत मागितलं, तर म्हणे बदल्यात घेतलेला माल परत मिळत नाही. मी काउंटरवरून हलले नाही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सगळी हकिकत मोठ्याने सांगत राहिले. चौथ्या गिऱ्हाइकानंतर त्याने कार्ड माझ्यापुढे आपटलं.

ते मी नव्याच्या खालच्या खाचेत बसवलं आणि फक्त कापडाचं काम त्याला दिलं. पडदे पुन्हा न अडखळता फाटायला लागले.

बाबांनी विचारलं, "मग नव्यात नवीन काय आहे?"

मी खोक्यावरची यादी वाचून दाखवायला लागले. तिसरी ओळ होती, 'जुन्या कार्डाचं सगळं, आणि वर आणखी.' इतका संताप आला, की खोकं चुरगळून कचऱ्यात टाकलं.