गर्दीतली हिरवी पिशवी

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणला कारखान्यात बसले होते. गणपतीच्या डोळ्यांची आखणी मी तीन वर्षांपूर्वी सोडली, हात कापतो म्हणून. पण सवयीने दुपारी जाऊन बसते. फोन शैलाचा होता, माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा, रोह्याहून. म्हणाली, "वन्सं, हे गेले… टेबलावरच, बसल्या बसल्या." मी बरं म्हटलं, चपला घातल्या आणि स्टेशनचा रस्ता धरला. पेपरच्या पुरवणीत छापायला लिहिते आहे तर खरंच लिहिते. चालताना माझ्या मनात पहिला विचार भावाचा आला नाही. माझी मुलगी जिवंत आहे की नाही हे आता मला कोण सांगणार, हा आला.

हे नीट समजायला वसंता काय करायचा ते सांगायला हवं. तो लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात चित्रं काढायचा. टीव्हीवर फौजदार खेकडा नावाचं एक कार्टून लागतं, टोपी घातलेला खेकडा चोर पकडतो, त्याचं दर महिन्याला पुस्तक निघतं. ती पुस्तकं मुंबईच्या एका कंपनीची, पण चित्रं रोह्याजवळ वरसेला, वसंताच्या मागच्या खोलीत तयार व्हायची. कंपनीने त्याला कागद दिले होते. खेकड्याच्या नांग्या केवढ्या, डोळा कसा, बाजारातली माणसं कशी, सगळं ठरलेलं. त्यात आपलं काही घालायचं नाही. वसंताला हे जमणं शक्य नव्हतं, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं. तो दहा वर्षांचा होता आणि मी सोळाची, नुकतीच कारखान्यात लागलेली. शाळा सुटली की तो माझ्या बाजूला येऊन बसायचा. त्याला डोळा काढायला मी शिकवलं. वरची पापणी एका दमात, नाकाकडून कानाकडे, कुंचला मध्ये उचलायचा नाही, आणि शेवटी मासा वळतो तशी बारीक शेपटी. प्रत्येक कारखान्याचा डोळा वेगळा असतो, आमचा मी शंभर मूर्तींत ओळखेन. आमच्याकडे नेम असा की डोळे सगळ्यात शेवटी. एकदा डोळे झाले की मूर्तीला कुंचला लावायचा नाही. काही राहिलं असेल तर ते राहिलं. एका वर्षी या वसंताने गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराला आमच्या मालकाचं तोंड काढलं. तेच पुढे आलेले दात, तीच वर चढलेली भुवई. गिऱ्हाईक हसायला लागलं तेव्हा मालकाला कळलं. वसंताने थोबाडीत खाल्ली आणि मी ओल्या फडक्याने उंदीर पुसला. घरी येताना म्हणाला, "ताई, पण सारखा दिसत व्हता का नाय?" दिसत होता. मी त्याला तसं सांगितलं नाही.

तोच खोडसाळपणा त्याने पुस्तकात चालू ठेवला. बाजाराच्या चित्रात कोपऱ्यात रोह्याचा एसटी कंडक्टर उभा असायचा, दात काढणारा डॉक्टर मासे विकायचा, आणि शैलाचा भाऊ दोनदा चोर झाला. शैला महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. वरसेची माणसं त्याला पोपटीला, मडक्यात शेंगा भाजायच्या रात्री, बोलवायची आणि वालाच्या शेंगा सोलता सोलता विचारायची, "आमाला कदी घालताव फौजदाराच्या बुकात?" आणि त्याचा एक बोका होता. आधी तो दुसऱ्या एका कंपनीसाठी कानतुट्या बोक्याची पुस्तकं काढायचा. ती बंद पडली, बोका काही याच्या हातातून सुटेना. मग तो खेकड्याच्या गोष्टीत कुठल्यातरी छपरावर, पिंपामागे, पाठमोरा बसलेला असायचा. एका कंपनीचं जनावर दुसऱ्या कंपनीच्या पुस्तकात. मी त्याला म्हटलं होतं, "एक दिवस हा बोका तुला घरी बसवील." तो म्हणाला, "बसू दे. त्याला तरी दुसरं घर कुठं हाय?"

आता मुलीचं. माझी एकुलती एक, कल्पना, सोळा वर्षांपूर्वी खाडीकडच्या एका मिठागरवाल्या घरातल्या मुलाबरोबर निघून गेली. आम्ही आतल्या गावचे भातवाले, आमच्यात तोवर असं झालं नव्हतं. नवरा माझा आधीच गेलेला, त्यामुळे ओरडायला घरात मीच होते. ती हिरवी रेग्झिनची पिशवी घेऊन दारात उभी होती आणि मी म्हणाले, गेलीस की परत या उंबऱ्यावर यायचं नाही, तुझं नाव या घरात कुणी घेणार नाही. मी बोलले ते पाळते. आमच्या आळीत सोळा वर्षांत माझ्यासमोर कुणी तिचं नाव काढलं नाही. ती कासूला राहते एवढं कानावर आलं होतं. नवरा डोलवीला कंपनीत शिफ्टवर जातो, हेही. पेणहून रोह्याला गाडीने जाताना कासू स्टेशन लागतं. ते आलं की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करायची. इतकी वर्षं, जाताना आणि येताना.

ती गेली त्या वर्षीपासून वसंता मला दर महिन्याला पोस्टाने खेकड्याचं पुस्तक पाठवायला लागला. वर लिहिलेलं, अक्षर मोठं आहे, वाच. मी चौथी शिकलेली, पण म्हातारीला पोरांची पुस्तकं कशाला, म्हणून आधी रागच आला. तिसऱ्या की चौथ्या पुस्तकात मला ते दिसलं. खेकड्याच्या गावातल्या सगळ्या माणसांचे डोळे म्हणजे वाटोळं पांढरं आणि मध्ये टिंब. बांगड्यांच्या दुकानापाशी एक बाई होती, नखाएवढी, तिच्या डोळ्याला पापणी होती. एका दमात काढलेली, शेवटी शेपटी. आमच्या कारखान्याचा डोळा. हातात हिरवी पिशवी. मी पुस्तक मिटलं आणि गादीखाली घातलं. दुसऱ्या दिवशी परत काढलं.

मग दर महिन्याला मी गोष्ट वाचायची नाही, गर्दी बघायची. कल्पनाला दिवस गेले ते मला खेकडा जत्रेत गेला त्या पुस्तकात कळलं. त्या दिवशी कारखान्यात माझ्या हातून डोळा चुकला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मालकाच्या मुलाने माझ्याकडे बघितलं. पुढे कडेवर मूल आलं, मुलगी. मग ती मुलगी हात धरून चालायला लागली, मग गणवेशात. कल्पनाला चष्मा लागला. एकदा तिच्या नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि मी दोन महिने तो सुटायची वाट बघितली. वसंता भाऊबिजेला घरी यायचा, मी त्याला ओवाळायची, तो विचारायचा, "पुस्तक मिळतंय ना?" मी म्हणायची, "मिळतंय." यापलीकडे एक शब्द नाही. त्याला वाटत असावं मी बघतच नाही. मला वाटायचं, वाटू दे.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतरच्या पुस्तकात खेकडा स्टेशनवर उभा होता. मागे बाक, बाकावर ती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. रुमालाखाली केस नाहीत हे त्याने कानाजवळच्या एका रेघेत दाखवलं होतं. हिरव्या पिशवीतून एक्स-रेचं मोठं पाकीट वर आलेलं. हा आजार मी आमच्या आळीत दोघींचा बघितला आहे. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी पुढच्या पुस्तकाची वाट बघायला लागले.

पुढचं पुस्तक यायच्या आधी बोक्याने घात केला. हल्ली मोबाइलवर चित्र मोठं करून बघतात. कुणीतरी बोका शोधून काढला आणि सगळीकडे पाठवला. बोक्याच्या कंपनीने खेकड्याच्या कंपनीला विचारलं, आमचं जनावर तुमच्याकडे काय करतंय. वसंताच्या छातीत त्याच सुमारास दुखून गेलं होतं, म्हणून मी चार दिवस वरसेला होते, आणि त्याच वेळी मुंबईहून खेकड्याच्या कंपनीच्या एक मॅडम आल्या. तरुण, बोलायला नीट. सगळी पुस्तकं टेबलावर मांडली आणि म्हणाल्या, "काका, आमचा विश्वास होता तुमच्यावर. अजून कोण कोण लपवलंय ते आत्ता सांगा." वसंताने बोक्याचं सगळं कबूल केलं. मॅडम पानं उलटत राहिल्या. स्टेशनच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. "हिचे डोळे वेगळे आहेत. ही कोण?"

"गर्दीतली बाई हाय, मॅडम."

"कोणाला बघून काढलंय का? उद्या त्या बाईने तक्रार केली तर?"

वसंताचा अंगठा टेबलाच्या कडेवर घासत होता. मॅडम माझ्याकडे वळल्या. "आजी, तुम्ही ओळखता का हिला?"

मी खोटं बोलत नाही, हे पेणमध्ये कुणालाही विचारा. त्यासाठी मला शिव्याही बसल्या आहेत. मी पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं आणि म्हणाले, "नाय गो. मला काय कळतंय त्यातलं." पुस्तक परत देताना माझं बोट त्या हिरव्या पिशवीवरच राहिलं होतं. वसंताने ते बघितलं. मॅडमनी नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला उठून चुलीकडे जावं लागलं.

कंपनीने त्याला काढलं नाही. पण त्यानंतर गर्दी कंपनीच्या कागदावरून, जशीच्या तशी काढायची, आणि एक माणूस प्रत्येक पान तपासणार. पुढचं पुस्तक आलं, स्वच्छ. सगळ्यांचे डोळे टिंबाचे. त्याच्या पुढचंही. भाऊबिजेला वसंताला डॉक्टरांनी हलू दिलं नाही. चार पुस्तकं मी भिंग लावून बघितली. मग एका सकाळी गाडीत बसले. कासू आलं तेव्हा पहिल्यांदा त्या बाजूला बघितलं. बाक होता, रिकामा.

वसंता खुर्चीत बसून निब पुसत होता. मी म्हणाले, "ती बाई का नाय दिसत आता?"

"कोण बाई?"

"स्टेशनवरची. हिरव्या पिशवीची."

त्याने निब खाली ठेवली. "ताई, पंधरा वर्षं मी तुला दाखवतोय. तू बघतेस का नाय ते मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. आता तोंडाने नाव घे तिचं, मग सांगतो."

"वसंता, ती बरी हाय का तेवढं सांग."

"नाव घे."

मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. त्याचं नाक मी पुसलं आहे. मी पिशवी उचलली आणि पुढच्या गाडीने पेणला आले. नाव घशात होतं, खोटं कशाला सांगू… पण आलं नाही. तो दारापर्यंत आला नाही, मीही मागे वळून बघितलं नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी शैलाचा फोन.

तेरावा होईपर्यंत मी वरसेला होते. दाराशी चपला वाजल्या की मी वर बघायची. कंडक्टर आला, दातांचा डॉक्टर आला, फौजदाराच्या पुस्तकातली निम्मी गर्दी त्या दारातून येऊन गेली. ती आली नाही. मामा गेला आणि भाची आली नाही, म्हणजे एकच अर्थ, असं मी धरून चालले. शैलाला विचारायचं तरी नाव घ्यायला हवं होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर न धुतलेले कुंचले दिसले. रंग सुकलेला कुंचला मला बघवत नाही. ते धुऊन खणात ठेवायला गेले तर खणात एक पान होतं. पाठीमागून शैला म्हणाली, "ते कंपनीचं नाय, वन्सं. तुमच्यासाठी काढून ठेवलंय. मला काय विचारू नका, मला त्यांनी शपथ घातलीय."

पानावर कासू स्टेशन. बाकाजवळ कल्पना उभी, रुमाल नाही, बोटभर केस. आणि गाडीच्या दारात एक म्हातारी, एक पाय पायरीवर, एक खाली. नाक माझं, रागाने ओढलेला ओठही माझा. इतक्या वर्षांत त्याने मला कधी पुस्तकात घातलं नव्हतं. छपरावर बोका, या वेळी तोंड पुढे करून. म्हातारीच्या तोंडातून बोलण्याचा फुगा निघाला होता, आणि तो रिकामा होता. आधी वाटलं, पान अर्धं राहिलं. मग डोळे बघितले. दोघींचे डोळे झाले होते, पापणी, शेपटी, सगळं. म्हणजे पान पुरं होतं. फुगा राहिला नव्हता, ठेवला होता.

मी त्याच दुपारी निघाले आणि कासूला उतरले. फलाटावर एक बाई भाजीची टोपली घेऊन बसली होती. तिने विचारलं, "कोनाकडं जायचा हाय गो आजी?"

मी उभी राहिले. गाडी निघून गेली. ती बाई वाट बघत होती.

"कल्पनाकडे," मी म्हणाले.

दार तिनेच उघडलं. चष्मा, बोटभर केस, अंग निम्मं झालेलं. मग मी म्हणाले, "केस आले की."

"गेले होते ते तुला कुणी सांगितलं?"

"फौजदाराने."

ती हसली नाही. मी म्हणाले, "मामा गेला आणि तू आली नाहीस."

"तू असणार होतीस ना तिथं."

"होते," मी म्हणाले. मग तीच म्हणाली, "आत ये, ऊन लागतंय." चहा करताना पाठमोरी सांगत होती, सलाईनमधून द्यायची औषधं संपली आहेत, आता नुसत्या गोळ्या, आणि अधूनमधून दाखवायला जावं लागतं, पुढचं पुढे. मामा तिला बाकावर बसवून काढायचा. म्हणायचा, नीट बस, ताई बघेल. ती म्हणायची, आई कशाला बघते. तो म्हणायचा, बघेल.

ते पान आता माझ्याकडे असतं, रेशनकार्डाच्या पिशवीत, म्हणजे हरवत नाही. परवा नात आली होती. तिने पान बघितलं, पेन उघडलं आणि विचारलं, "आजी, फुग्यात मी लिहू का आईचं नाव?" मी म्हणाले, पेन खाली ठेव. डोळे झाल्यावर हात लावायचा नसतो. आणि वसंताने नाव तोंडाने घ्यायला सांगितलं होतं, लिहायला नाही. ते मी घेते. दिवसातून दोनदा, फोनवर, औषध घेतलंस का म्हणून, आणि बहुतेक वेळा ओरडूनच.