झाकणबाईंची निळी नळी

झाकणबाई हे नाव मुलांनी ठेवलं आणि ते स्टाफरूममध्येही कायम झालं. बाई मात्र कायम झाल्या नव्हत्या. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची दरवर्षी नव्याने नेमणूक होई आणि काम दरवर्षी तेच असे. दिसेल ते झाकायची त्यांना सवय: पाण्याच्या ग्लासावर बशी, चहाच्या कपावर वही. मधल्या सुट्टीत घरी फोन. "अहो, गॅस बंद आहे ना?" यजमान घड्याळं दुरुस्त करत. तिकडून संथ आवाज येई, "गॅस बंद आहे. मी चालू आहे."

त्या दिवशी बाहेरून एक तज्ज्ञ येणार होते. त्यांच्यासमोर प्रयोग जमला तर बाई कायम, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी.

प्रयोग पालकाच्या पानांचा. पानं गार खलात वाटायची, गाळायची, हरितलवकं, म्हणजे पानातले हिरवे कण, बर्फात ठेवायची आणि त्यात निळा रंग मिसळायचा. पानात प्रकाश पडला की हरितद्रव्यातून इलेक्ट्रॉन उडतो. त्याची रिकामी जागा पान पाण्याकडून भरून घेतं. पाणी बिचारं फुटतं आणि त्यातला ऑक्सिजन आपण फुकट ओढतो. उडालेला इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला प्रकाशाचा आणखी एक धक्का बसतो. पहिल्या ठिकाणाचं नाव प्रकाशप्रणाली दोन, दुसऱ्याचं प्रकाशप्रणाली एक. नावं शोधाच्या क्रमाने पडली, कामाच्या नव्हे. नोकरी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

निळा रंग हे इलेक्ट्रॉन वाटेतच उचलतो आणि स्वतः रंगहीन होतो. म्हणून दिव्याखालची नळी नुसती हिरवी होते आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली निळसर राहते. दोन्ही शेजारी धरल्या की प्रयोग झाला.

तज्ज्ञांना उशीर झाला. बाईंनी घाईने रंग आधीच मिसळला होता आणि दोन्ही नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवल्या होत्या. मग त्यांना वाटलं, रंग टिकलाय ना? एक नळी खिडकीपाशी नेली, फॉइल सोडली, उजेडात धरून पाहिली. टिकला होता. पुन्हा गुंडाळली. दुसरीही पाहायला हवी. मग पहिली पुन्हा.

"अहो बाई, किती बघाल?" विभागप्रमुख म्हणाले. "दूध उतू जातंय का?"

"दूध असतं तर कळलं असतं, सर."

तज्ज्ञ आले. फॉइल काढली. दोन्ही नळ्या स्वच्छ हिरव्या. अजून दिवासुद्धा लावला नव्हता.

"अंधारातच झालं," विभागप्रमुख कोरडेपणाने म्हणाले. "नवीन शोध दिसतोय."

तज्ज्ञांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या हातात फॉइलचा चुरगळलेला गोळा होता. "अंधारात नाही झालं," त्या म्हणाल्या. "मी उघडून उघडून पाहत होते. खिडकीशी."

"का?"

"रंग जाईल म्हणून."

बर्फात हरितलवकं उरली होती. बाईंनी परत रंग मिसळला. एक नळी दिव्याखाली ठेवली, दुसरी घट्ट गुंडाळली आणि क्षणभर हातातच धरून राहिल्या. मग ती तज्ज्ञांपुढे केली.

"ही तुमच्या कोटाच्या खिशात ठेवा."

"माझ्या?"

"माझ्याजवळ राहिली तर मी उघडेन."

दिव्याखालची नळी हळूहळू पालटू लागली. मध्येच तज्ज्ञांचा हात खिशात गेला. "जरा बघू का?"

"नको," बाई म्हणाल्या, आणि आपण कुणाला नको म्हणालो हे कळून त्यांचा चेहरा उतरला. तज्ज्ञांचा हात मात्र रिकामा बाहेर आला.

दिव्याखालची पुरती हिरवी झाली, तेव्हा खिशातली उघडली. निळी होती.

जाताना तज्ज्ञ विभागप्रमुखांना म्हणाले, "कायम करा यांना. मीसुद्धा उघडलीच असती."

बाईंनी घरी फोन लावला. "अहो, कायम झाले."

"वा. आता निवांत."

"हो," बाई म्हणाल्या. "गॅस?"

"बंद."

"बघून सांगा."